मॅगझिनमधल्या बारा गोळ्या

वाशीत आमच्या सोसायटीच्या खाली म्हात्रेशेठ दिसले, की लिफ्ट लवकर यावी असं वाटतं. ते मूळचे इथल्याच गावचे, आता बिल्डर. लायसन्सचं बत्तीस बोअरचं पिस्तूल बाळगतात आणि मोबाइलवर गोळ्यांच्या तुलनेचे व्हिडिओ बघतात.

"सुभेदारसाहेब, बत्तीस म्हन्जे खेलनं हाय. नाइन एमएम भारी का फोर्टी फाइव्ह?"

"फोर्टी फाइव्ह जड, संथ. नाइन हलकी, वेगवान. झटका कमी."

"आनि ती तोंडाला खड्डा असलेली? होलो पॉइंट?"

"आत गेली की फुलते. सैन्यात ती वापरत नाहीत. आमची आरपार जायची."

"म्हन्जे तुमचीच पॉवर कमी!"

लिफ्ट आली नाही. मी जिन्याने चार मजले चढलो. आठवड्यातून एकदा तरी हे होतं. सगळ्यांना गोळीबद्दल विचारायचं असतं.

काश्मीरमध्ये आमची पोस्ट सफरचंदाच्या बागांजवळ होती. मी तेव्हा हवालदार, शस्त्रं शिकवायचो, म्हणून सगळे 'उस्ताद' म्हणत. नाईक सुदाम वाघमारे माझ्याच जिल्ह्यातला, जालन्याचा. जिथे रायफल वळत नाही अशा अरुंद जागेत पिस्तूल घेऊन पहिला तो शिरायचा.

एका संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळताना त्याचं उजवं मनगट मुरगळलं. दुसऱ्या दिवशी ०७०० वाजता रेंजवर फायरिंग होतं. दोनदा त्याचं पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर पडली नाही. मनगट ढिलं पडलं की पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, स्लाइड, पुरती मागे जात नाही आणि पुंगळी आतच अडकते. हे मी किती जवानांना शिकवलं होतं.

"मनगट दाखव."

"काही झालं नाही उस्ताद. गोळ्याच खराब हायत बघा."

"सिक रिपोर्टला जा, डॉक्टरला दाखव."

"अन् माझ्या जागी कोण शिरंल? तुमी? तुमचं पोट आडकंल."

मी हसलो. दुसऱ्या पेटीतल्या गोळ्या दिल्या. दोन्ही हातांनी धरून त्याने पाच नीट मारल्या. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: स्टॉपेज, कारण अ‍ॅम्युनिशन. फायरर फिट. खाली सही केली.

त्याच दिवशी ११४० वाजता आम्ही एका घराला वेढा घातला होता. स्वयंपाकघराखाली तळघर निघालं. सुदामच्या डाव्या हातात टॉर्च, उजव्यात पिस्तूल.

रेडिओवर त्याचा आवाज आला. "अल्फा वन, अंदर जा रहा हूँ. ओव्हर."

"रॉजर. धीरे. आउट."

पिस्तुलाचा एक आवाज आला. दुसरा आला नाही. मग आतून शत्रूच्या रायफलचा बर्स्ट.

१२१५ वाजता आम्ही त्याचा देह बाहेर आणला. पिस्तुलाच्या स्लाइडमध्ये रिकामी पुंगळी अडकलेली होती.

चौकशी झाली. गोळ्या तपासणीला गेल्या, चांगल्या ठरल्या. मनगटाबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. गावी त्याच्या बायकोने मात्र विचारलं, "भाऊजी, गोळी खराब होती का हो?"

"हो, वहिनी," मी म्हणालो.

गाव आजही तेच सांगतं.

गेल्या आठवड्यात म्हात्रेशेठ शूटिंग क्लबवरून तणतणत आले. "पिस्तूल तीनदा आडकलं साहेब. गोल्या बोगस!"

त्यांच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. बाथरूममध्ये घसरले होते.

"हात बरा होईपर्यंत पिस्तूल कुलपात ठेवा."

"हाताचं सोडा ओ. गोलीचं बोला ना."

"गोळीचं काय बोलू, शेठ? गोळीचं काय बोलू?" मी ओरडलो. वॉचमन खुर्चीतून उठला. चार वर्षांच्या ओळखीत मी त्यांच्यावर पहिल्यांदाच आवाज चढवला. ते बँडेजकडे बघत राहिले.

त्याच दुपारी हे लिहायला बसलो. सहा दिवस लागले. रविवारी जालन्याला जाईन आणि कोणालाही देण्याआधी हे वहिनींना वाचून दाखवीन. सुदामने दुखणं लपवलं, पण ते ओळखणं माझं काम होतं. मी ओळखलंही होतं. सही माझी आहे.

नाईक सुदाम वाघमारे, वय एकोणतीस. त्याची पहिली गोळी शत्रूच्या खांद्याला लागली होती. मॅगझिनमध्ये बारा उरल्या होत्या. बाराही चांगल्या होत्या.