पिवळं न झालेलं पाणी

फोन आला तेव्हा मी रोहिणीच्याच नावाने बोटं मोडत होतो. कपाटाची किल्ली तिच्याकडे, आणि बाई चार दिवस रजेवर. पलीकडून तिच्या आई बोलल्या, "गेली रे ती..." मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?"

अंधेरीतल्या प्रयोगशाळेत आम्ही नऊ वर्षं शेजारी बसलो. लाळेतलं एक प्रथिन हे तिचं वेड. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी एक जहाल विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतात. ते आवरलं नाही तर आपलंच शरीर कुरतडतं. आवरायचं काम या प्रथिनाचं. "अरे, लाठी चालवणारे हवेतच, पण बस झालं म्हणणारा साहेबपण लागतो ना यार!" असं ती समजवायची. रुग्णांच्या लाळेशी तुलनेला निरोगी माणसाची लाळ हवी होती. उपाशीपोटी नळीत थुंकायला कुणी तयार होईना, तेव्हा हिनेच नळ्या भरून गोठवल्या. मी तिला यथेच्छ चिडवलं. तीच न्यूमोनियाने गेली... जंतूंपेक्षा तिच्याच पेशींनी फुप्फुसांची जास्त नासधूस केली, असं डॉक्टर म्हणाले. मला त्या प्रथिनाचा राग आला, अगदी माणसाचा यावा तसा.

महिन्याभराने तिच्या आई वाकोल्याहून तिचं सामान न्यायला आल्या. नेमकी त्याच दुपारी मी तिच्या लाळेची शेवटची नळी वापरली होती. जपून ठेवावी असं फार वाटलं होतं. ती संपली की तिचं इथे काहीच उरणार नव्हतं. पण प्रयोग अडवला असता तर तिनेच मला झापलं असतं. चाचणीच्या ताटलीतल्या खळग्यांत विकर आणि लाळ एकत्र घालतात; विकर मोकाट सुटलं की पाणी पिवळं होतं. रुग्णांचे सगळे खळगे पिवळे झाले होते. एक मात्र नितळ होता.

"ह्योच एक पिवळो कसो नाय झालो?" आईंनी विचारलं.

थाप मारावीशी वाटली. जमलं नाही. "तो रोहिणीचा आहे, मावशी. तिचं प्रथिन अजून काम करतंय."

त्या वाकल्या. खूप वेळ बघत राहिल्या. 

"मगे तिच्या छातीत कित्याक नाय थांबयल्यान?"

उत्तर मला पाठ होतं. विकराचा पूर आला की मूठभर प्रथिन कुठे पुरणार? पण मी त्यांना खुर्ची दिली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्या खळग्यावर नजर लावून बसलो होतो. तो पिवळा झालाच नाही.