मंदाच्या पोरी, आणि माझी एक

मंदा वारली इथेच, वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत, आणि मला ते कळलं मस्कतहून. तिचं घर माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. पण सकाळी फोन वाजला तो तिकडे नर्स असलेल्या माझ्या मुलीचा, स्नेहलचा. "आई, मंदामावशी गेली वं… तुले माहीत नाई?" नव्हतं माहीत. मंदाच्या मुलाने ऑर्कुटवर दोन ओळी टाकल्या आणि दोहा, कुवेत, केरळ, जिथे जिथे तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी होत्या तिथे रडारड सुरू झाली. तिची तरुणपणापासूनची मैत्रीण मात्र इथे निवांत चहा गाळत होती. चप्पल घालताना मला रडू फुटलं आणि खरं सांगायचं तर त्यात दुःखाइतकाच जळफळाटही होता.

वर्ध्यात नर्सिंगला आम्ही एकाच बॅचच्या आणि पुढे एकाच कॉलेजात शिकवायलाही लागलो. नव्वदच्या दशकात माझ्या नोट्सना मुलींमध्ये मोठा मान होता. त्या झेरॉक्स होऊन कुठे कुठे जात. मी उत्तर सांगणारी, मंदा प्रश्न विचारणारी. "चार पेशंट हायेत. तिघं हाका मारून राह्यले, एक गप पडला हाय. आधी कोणापाशी जाशील? अन् काऊन?" त्या "काऊन"ला, म्हणजे "का"ला, मुली गडबडत. शेजारच्या टेबलावरून मला राहवत नसे. "अगं, जो गप आहे त्याच्यापाशी! सांगून टाक ना, वेळ कशाला घालवतेस?" मंदा कपाळाला हात लावी. "घ्या, फोडला या बाईनं पेपर!"

पुढे मुलींना आखाताचे वेध लागले. तिकडे नोकरी हवी तर लायसन्सची परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर, आणि तिचे क्लास नागपूरला. मंदाच्या मुलाने घरी इंटरनेट घेतलं होतं. तिने ऑर्कुटवर मुलींची एक कम्युनिटी काढली आणि रोज एक प्रश्न टाकू लागली. मुली खाली भांडभांड भांडत, एकमेकींच्या चुका काढत आणि ही शेवटी फक्त विचारे, "मग काय ठरलं?" माझी स्नेहल तेव्हा नुकतीच बीएस्सी नर्सिंग झालेली. आई नर्सिंगची मास्तरीण, माझ्या नोट्स कपाटात हाताशी, आणि ही सायबर कॅफेत जाऊन मंदामावशीचे प्रश्न सोडवणार! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मीही गुपचूप खातं उघडलं. शिकायला कसलं, पाहायला.

ऑर्कुटवर एकमेकांना लिहिलेले निरोप तेव्हा कुणालाही वाचता येत. स्नेहलने लिहिलं होतं, "मावशी, आज वॉर्डात एक आजी माझ्या हातात गेली. घरी नाही सांगितलं." त्या रात्री ती जेवली नव्हती आणि मला अॅसिडिटी झाल्याचं म्हणाली होती. मंदाने खाली एवढंच विचारलं होतं, "नाव काय होतं आजीचं?" आणि माझी अबोल पोर त्यावर पानभर लिहीत गेली होती… त्या आजीच्या बांगड्या, तिचं गाव, तिचं पाणी मागणं. मी परत परत वाचलं. बायकोला सवत परवडली, पण आईला सवत नको.

मी रोज मंदाच्या पानावर जाऊन वाचू लागले. आपलं पान कोण कोण पाहून गेलं, त्यांची नावं ज्याचं पान त्याला दिसतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस मंदाने सगळ्यांसमोर स्टाफरूममध्ये विचारलं, "काऊन व रत्ने, रोज माह्या दारी येऊन राह्यली, अन् आवाज नाई देत?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून पेटले होते. नंतर जिन्यात तिने मला थांबवलं. "पोरगी तुले भेते, व. तुह्या नजरेत नापास व्हाले भेते." मी म्हटलं, "माह्या पोरीचं मले नको शिकवू." ती "बरं" म्हणून तासावर निघून गेली. तिचं तेही मला आवडलं नाही.

स्नेहल परीक्षा पास झाली तेव्हा नागपूरहून पहिला फोन मंदाला गेला. पोर घरी पोचायच्या आत मंदा पेढे घेऊन माझ्या दारात उभी. मी पेढा खाल्ला, तिला मिठी मारली. गिळायला मात्र फार वेळ लागला.

मंदाला जाऊन आता महिना होऊन गेला. गेल्या रविवारी स्नेहलचा फोन आला. तिला आयसीयूची जबाबदारी देऊ करताहेत, घ्यावी की नाही कळत नाही, म्हणाली. "मावशी असती तर तिले विचारलं असतं…" माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. घेऊन टाक, त्यात विचार कसला! कसं कोण जाणे, मी ते गिळलं. म्हटलं, "तुले काय वाटते? अन् काऊन?" आणि पोर जी बोलत सुटली, तिथली माणसं, तिची भीती, एकटेपण, सगळं. इतकं ती माझ्याशी जन्मात बोलली नव्हती. मी नुसती हं हं करत होते, डोळे पुसत होते.

फोन ठेवताना म्हणाली, "आई, आज तू अगदी मंदामावशीसारखी बोलली."

पोरीने माझं आजवर केलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक. मंदाचा असा राग मला ती जिवंत असतानाही कधी आला नव्हता.