हिरव्या कागदावरची म्हैस

सासऱ्यांच्या बहिणीचा जमिनीतला हिस्सा काढून घ्यायला मी बिद्रीला गेले होते, असं आमच्या कागलच्या गल्लीत अजून दोन-तीन जण मानतात. मी खरं तर म्हशीचे फोटो काढायला गेले होते.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन इतक्या लांब आले, आणि पुढे बाहेरून दहावी, बारावी, पदवी असं करत चाळिशीच्या तोंडावर कोल्हापुरात दृश्यकलेच्या एम.ए.ला पोचले. ते ज्यांच्यामुळे, त्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. सगळे त्यांना आक्का म्हणतात. "शिकू दे की तिला. भाकरी काय, कोणबी थापतंय," असं त्यांनी भर पंगतीत आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सुनावलं होतं. (आबांनी भाकरी काही थापली नाही. पण गप्प बसले, तेवढ्यावर माझं शिक्षण झालं.)

पहिल्याच सत्रात 'संशोधन पद्धती' नावाचा विषय आला. गृहीतक, नमुना निवड, सहभागी निरीक्षण! नुसती नावंच मी तीन-तीनदा वहीत लिहून पाठ केली. त्यात मॅडमनी सांगितलं, ज्यांची कला अभ्यासायची त्यांची आधी संमती घ्या. दोन प्रती करा, एक त्यांना द्या, आणि त्यांच्या वेळेबद्दल कृतज्ञता व्यक्त करा. संमतीशिवाय प्रकल्प तपासला जाणार नाही.

माझा विषय म्हणजे आक्काच. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात, आणि आक्का कात्रीनं म्हशीच्या अंगावरचे केस कातरून वेली, मोर काढतात. महिन्याभरात केस वाढले की मोर गेला. म्हणजे हा पाडवा हुकला की माझं वर्ष हुकलं. आणि पाडवा चार दिवसांवर होता.

संमतीपत्र मी घरीच लिहिलं, पण ते फारच साधं दिसायला लागलं. आठवी सुटलेल्या बाईचं म्हणून मॅडमनी परत केलं तर? म्हणून तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडे गेले. म्हटलं, "जरा वजनदार करून द्या."

"लिहून देणार कोण?"

"आक्का."

"लिहून घेणार?"

"मी."

पुढचं त्यानं विचारलंच नाही. पंधरा मिनिटांत हिरव्या लेजर कागदावर 'स्वखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता' असं सुरेख मराठी हातात पडलं. खाली दोन साक्षीदारांच्या जागा. मी खूश. माझ्या माहेरी वाटायला जमीनच नव्हती, असला कागद मी जन्मात पाहिला नव्हता. मग कृतज्ञता म्हणून एक इरकली साडी घेतली, पेढे घेतले, आणि आक्कांना सही जमली नाही तर म्हणून अंगठ्याचं पॅडही घेतलं.

बिद्रीला पोचले तेव्हा आक्का गोठ्यात म्हशीपाशी होत्या. मोराचं पोट झालं होतं, मान राहिली होती. मी आधी साडी दिली, मग पेढे, मग कागद काढला.

आक्कांची कात्री थांबली. इकडे भाऊ साडी घेऊन आला आणि पाठोपाठ हिरवा कागद निघाला, की तो बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा कागद असतो, हे इथल्या प्रत्येक बहिणीला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी आबांनी नुसता विषय काढला, तर आक्का सहा महिने कागलला फिरकल्या नव्हत्या. (हे मला माहीत होतं. साडीचं माहीत नव्हतं.)

"वाच," त्या म्हणाल्या.

मी खणखणीत वाचायला लागले. 'अक्कलहुशारीने'पर्यंत आले.

"बास. आबानं धाडलं व्हय तुला?"

"नाही हो, कॉलेजच्या मॅडमनी."

"तुझ्या मॅडमचा आमच्या वावराशी काय संबंध?"

"वावराशी नाही आक्का, म्हशीशी आहे."

"आता म्हशीबी पायजेत?"

"नाही, नाही! दोन प्रती आहेत. एक तुमच्याकडेच राहील."

"आनि दुसरी तलाठ्याकडं."

घाबरून मी म्हटलं, "सही नको असेल तर अंगठाही चालेल," आणि पॅड उघडलं. इतकी मोठी चूक मी परीक्षेतसुद्धा केली नव्हती.

आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "तुला शिकवा म्हणून मी भांडलो. ह्येच शिकलीस व्हय?"

मला रडूच फुटलं. मोराला मान नाही, मला तोंड नाही. तोवर आक्कांनी फोन लावला. "आबा, तुझी सून कागद घिऊन आलीया सहीला." आणि रागानं बंद केला.

आबांनी त्यातलं 'कागद' आणि 'सही' एवढंच धरलं. तासाभरात ते परीटघडीची टोपी घालून, खिशाला स्वतःचं पेन लावून, साक्षीला शेजारी घेऊन हजर झाले. मला म्हणाले, "पोरी, मला इतक्या वर्षांत जमलं न्हाय ते तू केलंस."

आता माझ्या बाजूनं बोलायला म्हैसच तेवढी उरली होती.

"आबा, पुढचं वाचा," मी हुंदके देत म्हटलं. आबांनी चष्मा लावला. "माझ्या मालकीच्या म्हशीच्या उजव्या व डाव्या अंगावर कातरलेल्या नक्षीची छायाचित्रे..." ते थांबले. कागद उलटा केला. मागं कोरा.

"जमिनीचं कुठाय?"

"नाहीये."

"कायच न्हाय?"

"नाही."

शेजाऱ्यांनी तोवर दोन पेढे खाल्ले होते. आक्का पेंडीच्या पोत्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. पण सही नाहीच म्हणाल्या. "कागदाला न्हाय. तोंडानं इचार, सांगतो."

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, तोंडी संमती चालेल, फक्त रेकॉर्ड करा आणि शब्दशः उतरवा, एक अक्षर गाळू नका. मी मोबाईल पुढं धरला. आक्कांनी पदर सारखा केला.

"म्हशीचं फोटू काढायला माझी परवानगी हाय. नक्षी कशी काढायची, त्येबी सांगतो. वावरातला हिस्सा सोडत न्हाय. आबा, ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं," आबा म्हणाले.

मग आक्कांनी मोराला मान काढली. प्रकल्पाला मला चांगले गुण मिळाले. मॅडमच्या सांगण्याप्रमाणे मी एक अक्षर गाळलं नाही, आबांचं 'ऐकलं'सुद्धा. त्यामुळे आक्कांचा हिस्सा आता कॉलेजच्या ग्रंथालयात परिशिष्ट दोनमध्ये कायम झाला आहे, आणि त्याखाली उतरवून घेणारी म्हणून आमच्या घराण्यातल्या एकाच माणसाची सही आहे. माझी.