खुंटीवरचे कप

माझ्या मामेसासऱ्यांइतका गार चहा अंधेरीपासून मुलुंडपर्यंत दुसऱ्या कोणी प्यायला असेल, असे मला वाटत नाही. तोही बिनसाखरेचा, आणि दुसऱ्यांच्या कपांतला.

मामांचा धंदा लिफ्टना वाचा देण्याचा. लिफ्टमधली बटणांची पट्टी आणि "तिसरा मजला" असे सांगणारा तिच्यातला आवाज, ही दोन्ही त्यांच्या अंधेरीच्या गाळ्यात जुळवली जातात. गाळ्यात माणसे मोजकी: मामा, त्यांची मुलगी चारू आणि चार कारागीर. बाकीची सगळी दूर. सर्किट करणारे तिघे नाशिकला, पत्र्याचे काम करणारे पाटील कोल्हापूरला, आवाज देणाऱ्या कांबळे बाई बोरिवलीच्या एका शाळेत, आणि लिफ्टने काय बोलावे ते लिहिणारी मी मुलुंडला. इतर कारखानदार अशी कामे बाहेर देतात. कागद पाठवतात, माल मागवतात, आणि मधल्या काळात एकमेकांना सुखाने विसरतात. मामांना 'बाहेर' हा शब्दच सोसत नसे. चारूने एकदा चुकून "बाहेरची टीम" म्हटले, तेव्हा ते दुखावल्या स्वरात म्हणाले, "असां काय करतंस गो? बाहेर चपला ठेवतात. माणसं नाय."

म्हणून ते कप. कामात सामील होणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरातला, रोजच्या वापरातला एक कप आणून द्यायचा, आणि तो गाळ्याच्या भिंतीवरच्या खुंटीला टांगायचा, असा त्यांचा दंडक. पाटलांचा स्टीलचा पेला, कांबळे बाईंचा निळ्या काठाचा कप, नाशिककरांचे तीन जाडजूड मग आणि कानाला बारीक तडा गेलेला माझा. दर मंगळवारी सकाळी सगळे पडद्यावर जमत आणि मामा प्रत्येकाच्या कपात खराखुरा चहा ओतून तो लॅपटॉपपुढे मांडत. तारांना डाख देताना जळणाऱ्या राळेचा वास आणि आल्याची तिखट वाफ यांची तिथे अशी गुंफण होई, की मुलुंडमधल्या माझ्या खिडकीशी बसूनही ती मला नाकात जाणवे. बोलणे संपले, की निवलेले सहाच्या सहा कप मामा एकामागून एक रिकामे करत. "चहा टाकायचा म्हणजे माणसाला उठवून लावल्यासारखं," हे त्यावरचे स्पष्टीकरण. डॉक्टरांनी साखर बंद केली, तेव्हा सगळ्यांच्याच चहातली साखर गेली. पडद्यावरच्या माणसांनी तक्रार केली नाही.

मला त्यांनी ओढले ते एका लग्नाच्या पंगतीत. "सूनबाई, तू कविता शिकलेली ना? माणूस लिफ्टमध्ये दहा सेकंद एकटा असतो. त्याच्याशी नीट कोण बोलणार?" एवढ्या सुंदर प्रश्नाला नकार देण्याचे शिक्षण मला मिळालेले नव्हते.

त्यांची दुसरी खोड अशी, की ज्याचे काम त्याला ते प्रश्न विचारत नसत. माझ्या वाक्यांवर पाटलांचे मत घेत. कांबळे बाईंना बटणांच्या उंचीबद्दल विचारत. आणि मला एकदा, कोणते सर्किट 'शांत दिसते' असे विचारून त्यांनी नाशिककरांना गहिवर आणला होता. "ज्याचं काम नाय त्यालाच दिसतं," असे ते म्हणत. या खोडीमुळे आम्हा सगळ्यांना हळूहळू एक व्याधी जडली: दुसऱ्याच्या कामात उणे दिसले, की ते आपलेच वाटायचे.

त्या व्याधीने एकदा मामांना जवळजवळ बुडवलेच. घाटकोपरच्या एका रुग्णालयातल्या आठ लिफ्टचे काम मिळण्याजोगे होते. मिळाले असते, तर चारही कारागिरांना वर्षभर चिंता नव्हती. चाचणीसाठी एक लिफ्ट बोलती केली, आणि तक्रार आली, की वयस्क रुग्णांना ती ऐकू येत नाही. मंगळवारी मामांनी ते सांगितले. प्रत्येक जण म्हणाला, "बघतो." आणि प्रत्येकाने खरोखरच बघितले. नाशिककरांनी आवाज दुप्पट केला. पाटलांनी आवाज जिच्यातून येतो त्या जाळीची भोके मोठी केली. कांबळे बाईंनी शाळेच्या मैदानावर देतात तशा आवाजात सगळे मजले पुन्हा म्हटले. आणि मी, सावधगिरी म्हणून, प्रत्येक मजला दोनदा लिहिला. आपण काय केले ते एकमेकांना सांगावे, हे मात्र कुणालाच सुचले नाही.

पुढच्या चाचणीला मी हजर होते. दार उघडले आणि "चौथा मजला! सावकाश उतरा! चौथा मजला!" अशी गर्जना झाली. दाराजवळच्या रखवालदाराने सलाम ठोकला. चाकाच्या खुर्चीतल्या एक आजी मात्र प्रसन्न झाल्या. "अगं बाई, कानातलं यंत्र घरी राहिलंय, तरी ऐकू आलं!"

व्यवस्थापक हात जोडून म्हणाले, "काका, पेशंट बरे करायचे आहेत हो, उठवून बसवायचे नाहीत." त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली. त्यानंतर काम दुसऱ्याकडे जाणार होते.

गाळ्यात परतल्यावर चारूचा संयम सुटला. "बाबा, वाट लागली आपली. बस झाले हे कप! एका कंपनीला कंत्राट देऊया. कागद द्यायचा, माल घ्यायचा. चुकलं की एकालाच धरायचं."

मामांनी खुंट्यांवरच्या कपांकडे पाहिले. मग म्हणाले, "आठ दिवसांत नाय जमलं, तर मीच उतरवतो."

गंमत अशी, की त्यांनी कुणालाही बोलावले नाही. झाली ती फजिती मी सगळ्यांना कळवली होती, एवढेच. तरी रविवारी सगळे रुग्णालयात हजर. नाशिककर आले, पाटील रात्रभर एसटीत बसून आले, आणि कांबळे बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. रुग्णालयाच्या परवानगीने आम्ही सकाळभर लिफ्टमधून वर-खाली करत राहिलो. सगळे बोलत होते. पाटील तेवढे गप्प. ते पत्र्याचे माणूस. आवाज हे त्यांचे काम नव्हे. अचानक त्यांनी टाचा उंचावून छताला तळवा लावला.

"सगळ्यांनी जरा गप व्हा की. पत्रा गुणगुणतोय."

मीही तळवा टेकवला. बोटांत मधमाश्यांचे पोळे भरल्यासारखा थरार उमटला. छतातल्या पंख्याने कडेचा सैल पत्रा थरथरत होता, आणि ती अखंड गुणगुण बाईंचा आवाज गिळत होती. एवढे दिवस आम्ही आवाज चढवत होतो. गोंगाट उतरवायचे कुणाच्या मनात आले नव्हते. कोणत्या करारात छताचा पत्रा लिहिलेला असतो?

पाटलांनी तिथल्या कामगाराला सांगून पत्र्याखाली रबराची पट्टी बसवून घेतली. नाशिककरांनी आवाज पूर्ववत केला, मी जादा शब्द खोडले, पाटलांनी जुनी जाळी परत लावली. बाईंनी मजले पुन्हा म्हटले. या वेळी हजेरी घेताना शेवटच्या बाकावरच्या लाजाळू मुलीचे नाव घ्यावे, तसे. ते ऐकून व्यवस्थापक स्वतःच दोनदा वर-खाली गेले. आठही लिफ्ट मामांना मिळाल्या. कप खुंटीवर राहिले.

यंदा मामांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता ते मनोरीच्या छोट्या घरात असतात. खाडी ओलांडणाऱ्या तरीत चढणे-उतरणे काही काळ तरी शक्य नाही. गाळा चारू चालवते. त्यांच्याशिवायच्या पहिल्या मंगळवारी मी मुद्दाम अंधेरीला गेले. आल्याचा वास तसाच होता. सहा कपांनंतर भिंतीवर एक नवी खुंटी होती. इतक्या वर्षांत मामांचा स्वतःचा कप तिथे कधी नव्हताच. सगळ्यांचे पिणाऱ्याला तो लागतो कशाला? चारूने घरून त्यांचा सकाळचा, पिवळा पडलेला पांढरा कप आणला होता. तिने त्यात चहा ओतला आणि पडद्यावरच्या त्यांच्या चेहऱ्यापुढे ठेवला.

"ह्यो कप कोणाचो?" मामांनी विचारले.

"तुमचा, बाबा."

मामा पडद्याजवळ सरकले. त्यांच्या मागून समुद्र ऐकू येत होता. मग त्यांनी कप निरखला. "साखर नाय ना घातलीस?"

"नाही. तुम्ही आधी सांगा, नाशिकचं सर्किट शांत दिसतं की नाही?"

बोलणी संपली, पडदा मिटला. ज्या चारूने जन्मात कधी चहाला तोंड लावले नव्हते, तिने तो पांढरा कप दोन्ही तळव्यांत धरला, आणि गार झालेला तो चहा, तोंड वाकडे करत, शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मग पुढच्या कपाकडे हात नेला.