आबांसमोर क्रिस्टल गप्प झाला

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. स्टाफरूममध्ये भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांची टर उडवणारी मीच. तरीही हे लिहितेय... लिहिल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून.

मी जळगावच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. लॅबमध्ये आम्ही नवे सिंटिलेटर क्रिस्टल तयार करतो — भट्टीत क्षार वितळवायचे आणि अगदी हळूहळू थंड होऊ द्यायचे. अशा क्रिस्टलवर किरणोत्सर्ग पडला की आत बारीक चमक उठते, मागची ट्यूब ती टिपते आणि स्पीकरवर 'टक्' वाजतं. समोर काहीही नसलं तरी टकटक चालूच असते. माती, भिंती, आकाश... सगळीकडून थोडा किरणोत्सर्ग येतच असतो, तो कधी थांबत नाही.

रोजच्या तपासणीला आम्ही पोटॅश वापरतो. हो, केळीला टाकतात तेच खत! त्यातही किंचित किरणोत्सर्ग असतो. भडगावजवळ आमची केळीची बाग आहे, त्यामुळे माझे वडील — आबा — जळगावला येताना डबाभर पोटॅश घेऊन यायचे.

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी आबा डबा घेऊन लॅबमध्ये आले. नुकताच जोडलेला नवा क्रिस्टल मस्त चालला होता. आबांनी टेबलाशी येऊन डबा पुढे केला... आणि टकटक थांबली. वाढायला हवी होती, ती पार थांबली! स्क्रीनवर शून्य.

वायरी बघितल्या, व्होल्टेज बघितलं. सगळं ठीक. आबा पाणी प्यायला दाराबाहेर गेले, टकटक सुरू. परत आले, बंद. त्यांना बाहेर बसवून नुसता डबा ठेवला, तर ताडताड वाजायला लागलं. मग जुना क्रिस्टल लावला. तोही आबांसमोर गप्प.

"माले पाहीसन तुनं मशीन घाबरनं वाटस," आबा हसले.

मला हसू येईना. का कोण जाणे, आबांचंच काहीतरी बिघडलंय असं मनानं घेतलं. दुसऱ्याच दिवशी हट्टानं त्यांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. ईसीजी, रक्त, सगळं नॉर्मल.

"माले काय व्हयेल शे? डागदर सांगस, बठ्ठं बराबर शे. बागले पानी देनं शे, जाऊ दे माले."

मी त्यांना एसटीत बसवून दिलं. त्याच आठवड्यात, दुपारी जेवून बागेतल्या बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी ते मशीन फोडायलाच निघाले होते, सहकाऱ्यांनी आवरलं.

नंतर सगळ्यांनी मिळून दोन्ही क्रिस्टल तपासले. लूज कनेक्शन असेल म्हणाले. असेलही... पण लूज कनेक्शन माणूस ओळखतं का?

परवा आईनंही मशीन बघायचा हट्ट धरला, "तुना आबाले दखाडं, माले भी दखाड ना तुनं मशीन."

मशीन उत्तम चालू आहे. आईला मात्र मी बिघडलंय म्हणून सांगितलं.