वरून दिसते तेवढी

सुक्या बोंबलांच्या वळणीखाली बसल्याबसल्या चांगुणाचे डोळे जड होतात. ऊन पापण्यांतून तांबडं दिसतं. भरती चढतेय. ती पुरती चढली की हरेश्वर, तिचा एकुलता एक मुलगा, बापाची लोखंडी होडी घेऊन निघणार. त्या होडीच्या बुडाला मॅग्नेशियमची वडी बसवलेली आहे. खारं पाणी आधी वडीला खातं, म्हणून पत्रा वाचतो. सकाळी होडी वाळूत होती तेव्हा चांगुणाने वडी लांबूनच पाहिली. जाड, पांढरी, चुन्याच्या गोळ्यासारखी. "आहे रे अजून भरपूर," ती मुलाला म्हणाली.

वळणीपलीकडे हिराजी बसलाय, शिमग्यात वारलेला तिचा नवरा. जाळं विणतोय, पण हातात सूत नाही.

"काय गो, झोपलीस? मांजर बोंबील नेतंय."

"नेऊ दे. तुम्ही कुठे होतात?"

"होडीखाली. आणखी कुठे जाणार?"

दोघं होडीखालीच आहेत. डोक्यावर पत्रा, घोट्यापर्यंत पाणी, आणि पाण्यात तिची चूल पेटलेली. हिराजीच्या तोंडावर, छातीवर पांढरी साय धरलीय. सायीतून बारीक बुडबुडे सुटतात.

"काय ही घाण अंगावर!" ती पदराने पुसते. खाली क्षणभर चकचकीत धातू दिसतो, लगेच पुन्हा पांढरा पडतो.

"पुसू नको. पुसलंस की आणखी झिजतो."

"झिजा की. भरपूर आहात अजून."

हिराजी हसतो. "लग्नाआधीसुद्धा लांबूनच पाहिलंस मला. बोट लावून बघ."

ती छातीला बोट लावते. बोट आत जातं. आत काहीच नाही, नुसतं पीठ आणि पाणी.

"वरून दिसतो तेवढा मी नाही, चांगुणे. आता पाणी पत्रा खातंय. पोराला थांबव."

"तुम्हीच थांबवा! तुमचंच ऐकतो तो!"

"मी संपलो गो."

पाणी गळ्याशी येतं. ती दोन्ही हातांनी त्याला कवटाळते. मुठीत तो दुधासारखा विरघळतो. "हऱ्याऽऽ!" तोंडात खारट पाणी भरतं.

ऊन. माशा. वळणीवरचा एक बोंबील खरंच गेलाय. उजव्या हाताचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत पांढरं आहे. ती पदराला पुसते, निघत नाही. खाली पाण्यावर इंजिन धडधडायला लागतं. ते बोट तसंच उंच धरून चांगुणा अनवाणी धावत सुटते.