भीमरावकाका आणि चष्म्यातला हिरवा हात

तलवाड्याच्या रस्त्यावर आमचा सरकी पेंडीचा कारखाना आहे. तिथं रोबोट आला आणि चहाच्या सुट्टीला विषय शोधायची गरज उरली नाही. तो बसवायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून बहुतेक किस्से माझ्याच डोक्यावर फुटले.

काम तसं साधं. भीमरावकाका मशीननं पोत्याचं तोंड शिवणार, पोतं पट्ट्यावरून पुढं सरकणार आणि रोबोटचा हात ते उचलून थप्पी लावणार. पण काकांची दोन बोटं तरुणपणी कडबाकुट्टीत गेलेली. "मशीनवरनं नजर काढायची न्हाई," हा त्यांचा नियम. रोबोटही मशीनच, म्हणून पहिल्याच दिवशी ते त्याच्याकडं बघत शिवत राहिले आणि पोत्याबरोबर स्वतःचा सदराही शिवला. पोतं निघालं तसे काकाही निघाले. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं.

मॅनेजरसाहेबांनी सुनावलं, "रोबोटच्या कंपनीचे पाहुणे येईपर्यंत जमलं नाही, तर काका, तुम्ही हमालीला."

त्या हातानं काकांना पोतं उचलवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे सरळ घरी. मला साहेबांचा राग आला आणि स्वतःचाही, कारण रोबोट लावणारा मीच.

*

मग चष्मे आले. चष्मा घातला की रोबोटचा हात कुठं जाणार ते आधीच हवेत हिरवं दिसतं. खरा हात मागून तिथं पोचतो.

झाडलोट करणाऱ्या पारूबाईंच्या घरी मेंढरं. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि काकांना म्हणाल्या, "एडका धडक मारायच्या आदी मान खाली घालतो का न्हाई? ह्याला मानच न्हाई, म्हणून चष्मा."

काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा चष्मा हातात घेतला.

*

साहेबांनीही घालून बघितला. हिरवा हात अंगावर आला तसे ते मागं उडी मारून पेंडीच्या ढिगात बसले. खरा हात अजून पलीकडंच होता.

"साहेब, हिरवा लागत न्हाई," काका शांतपणे म्हणाले. त्यानंतर दोन दिवस हमालीचा विषय निघाला नाही.

*

काकांना चष्म्याची लईच सवय लागली. एकदा तो तसाच घालून चहाला आले. मी त्यांच्या ताटलीतलं भजं उचललं, तर माझं मनगट धरलं.

"आदी दाखवत जा बे, हात कुठं चाललाय ते."

*

पाहुणे आले त्या दिवशी मी लाल बटणापाशीच उभा राहिलो. काका मात्र चष्मा लावून सकाळभर खाली मान घालून शिवत राहिले. रोबोट खांद्याशेजारून पोती उचलत होता, त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. साहेब म्हणाले, "काकांना इथंच राहू द्या." मला हायसं वाटलं.

जाताना पाहुण्यांनी विचारलं, "काय काका, बसला का विश्वास?"

रोबोट तेव्हा बंद होता. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि रोबोटच्या हाताला अडकवला.

"माझा बसला. आता ह्याला दाखवा, मी कुठं चाललोय ते."